सलाईनचं चाक

माझा नसांचा आजार बरा होणारा नाही, फक्त आटोक्यात ठेवायचा आहे. दर महिन्याला शिरेतून औषध घेतलं नाही तर हातांची पकड जाते. मग कॉलेजात फळ्यावर लिहिणं सोडाच, भाताचा घासही सांडतो. पूर्वी यासाठी हॉस्पिटलात दाखल व्हावं लागे. नंतर डॉक्टरांनी घरीच सोय करून दिली. एक सिस्टर खारघरला आमच्या फ्लॅटवर येते, स्टँड उभा करते, बाटली लावते आणि ती संपेपर्यंत बसते. माझ्या रजा वाचल्या. नोकरी टिकली ती त्यामुळेच.

पण लागोपाठ दोन खेपांना औषध चालू असताना मला हुडहुडी भरली, डोकं फुटायची वेळ आली. पुन्हा असं झालं तर घरचं बंद, वॉर्डातच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

माझा संशय सिस्टरवर गेला. ती करावे गावची, बोलायला गोड. तो गोडवाही आता खटकू लागला. औषध खरं तरी आहे का? मी बाटलीचं सील माझ्यासमोर फोडायला लावलं, खोक्यावरचा नंबर बाटलीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. सगळं जुळलं, तरी मन मानेना. नकली माल करणारे नंबर कशाला चुकवतील? त्यात औषधाआधी देतात त्या इंजेक्शनने मला गुंगी येते. त्या वेळात ती काय करते, कोण जाणे.

माझे वडील, आप्पा, तीन महिन्यांपूर्वी गावाहून माझ्यासाठीच येऊन राहिले होते. दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. सिस्टरवर लक्ष ठेवा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनाही ती बाई बरोबर वाटत नव्हती. ते ऐकून मला धीर आला.

पुढच्या खेपेला मी गुंगीशी झगडत पडून राहिले. सिस्टर डबा खायला स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पावलं वाजली. डोळे किलकिले केले तर स्टँडपाशी आप्पा. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि नळीवरचं छोटं चाक अंगठ्याने सरकवलं. थेंबांची धार झाली.

"आप्पा, काय करताय?"

ते जराही दचकले नाहीत. "ती तासावर पैसे घेत असंल. म्हणून थेंब थेंब सोडती. रोजानं जाणारा माणूस काम कसं लांबवतो ते मला नको सांगू, माय. मी जन्मभर रोजानंच गेलो."

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनपाशी घरचंच माणूस बसे. हळू वाटलं तर चाक सोडा, असं सांगून कंपाउंडर निघून जाई. आईच्या शेवटच्या आजारात ते काम आप्पांकडेच होतं. बाटली लवकर संपली की माणसाला लवकर ताकद येते, हा तिथला सगळ्यांचाच समज. हे औषध मात्र मुंगीच्या पावलानेच जायला हवं. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मी हाक मारली. सिस्टर उष्ट्या हाताने धावत आली, कोपराने नळ उघडून हात धुतले आणि चाक बंद केलं. माझी नाडी पाहत तिने आप्पांना विचारलं, मागच्या दोन टायमालाही तुम्हीच का? त्यांनी होकाराची मान हलवली, आणि तासाचं कारणही तिला तोंडावर सांगून टाकलं.

"आजोबा, हे औषध जोरात गेलं म्हणूनच त्यांना थंडी भरली. आणि मला तासावर नाय मिलत," ती म्हणाली. "पेशंटमागं मिलतं. लवकर संपलं तर माझाच फायदा हाय."

आप्पांनी विचार केला. "मग तर आणखीच ध्यान ठेवाय पायजे."

मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग अर्धा तास थांबून अगदी हळू सुरू करा, म्हणाले. या वेळी त्रास झाला नाही तर घरचं चालू राहील. सिस्टरने खुर्ची स्टँडला चिकटवली. आप्पा समोर बसले, तिच्या अंगठ्यावर नजर रोखून. ती त्यांच्या हातांवर. थंडी आली नाही. डोळे मिटत होते, पण त्या दोघांना तसं सोडून झोपायची माझी हिंमत होईना.