चौथा प्रहरी जाताना काय म्हणाला

पुण्याला निघाले त्या सकाळी दादाने माझी सूटकेस खांद्यावर घेतली आणि दुर्गाघाटापासून मैदागिनच्या चौकापर्यंत माझ्याशी एक शब्द न बोलता चालत राहिला. आपल्या गल्ल्यांत गाडी येत नाही हे तुम्हा काशीकरांना सांगायला नको. सूटकेसला चाकं होती, पण ती आपल्या दगडांवर चालणारी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एक सांड आडवा बसला होता, त्याच्याशी मात्र दादा बोलला. "हटो महाराज," म्हणाला, आणि महाराज हलले नाहीत म्हणून आम्हीच भिंतीला चिकटून पुढे गेलो.

घरून निघताना आईने हातावर दही घातलं होतं. बाबांना तोवर जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुणं आपलंच आहे, परकं थोडंच आहे." बाबांनी पुणं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही नव्हतं.

स्टेशनवर दादाने सूटकेस बर्थखाली सारली, पाण्याची बाटली आणून दिली आणि गाडी हलायच्या आत निघून गेला. तो रागावला होता की त्याला वाईट वाटत होतं, मला कळलं नाही. नंतरही वीस-बावीस वर्षं कळलं नाही. फोनवर तो आईची तब्येत सांगे, यजमानांचे नखरे सांगे, गंगेचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते सांगे. मी गेले, आणि आई-बाबा, पूजापाठ, घर सगळं त्याच्यावर पडलं, याबद्दल अक्षर नाही. हे मला आतून टोचत राहिलं. तिथे राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघालेल्यांना, दोघांनाही हे माहीत असेल, म्हणून लिहिते आहे.

आपलं असलेल्या पुण्याने मला पहिल्याच आठवड्यात पकडलं. घरमालकीणबाईंकडे मी चाबी मागितली. तखतावर चादर घातलीय, असंही काहीतरी मी म्हणाले. त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं की मराठी कुठे शिकलीस, छान बोलतेस. चार पिढ्या घरात ज्या भाषेत भांडलो, तिचं असं कौतुक झालं. आता मी किल्ली म्हणते, पलंग म्हणते. ऑफिसच्या कॉलवर इंग्रजी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जपून मराठी, डिलिव्हरीवाल्याशी हिंदी. राग आला की अजून चाबीच तोंडात येते.

खरी जीभ सुटते ती रविवारी संध्याकाळी. दुर्गाघाट आणि रामघाटावरची आम्ही मराठी घरांतली पाच-सहा मुलं, आता सगळी चाळिशी ओलांडलेली आणि पाच गावांत पांगलेली, व्हिडिओ कॉलवर जमतो आणि लहानपणीचं हिंदी कॉमिक्स आठवून गप्पा मारतो. कॉमिक्सचं नाव अष्टप्रहरी. आठ वीर, दिवसरात्रीचे आठ प्रहर, प्रत्येकाने एकेक प्रहर नगराचा पहारा द्यायचा. नावंही तीच, पहला, दूसरा, तीसरा. तेव्हा आम्हाला त्यातली मारामारी आवडायची. आता आम्ही तासन्‌तास भांडतो ते पहिल्याने केलं ते बरोबर होतं का, यावर.

त्याने काय केलं, सांगते. पूर आला, आणि नगर वाचवण्यासाठी पहिल्याने बांधाचे दरवाजे उघडले. नगर वाचलं. पलीकडच्या तीरावरची वस्ती पाण्याखाली गेली. चौथ्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, असं वाचवणं मला मान्य नाही, आणि पहारा सोडून गेला. पुढच्याच अंकात शत्रूने चौथ्या प्रहरी हल्ला केला, कारण तिथे कुणी नव्हतं. लहानपणी आम्ही सगळ्यांनी चौथ्याला एकमताने गद्दार ठरवून टाकलं होतं. आता कुणालाच तितकी खात्री नाही. अपवाद गोपाळचा. गोपाळ रामघाटावरचा, आता टोरांटोत असतो. "ड्यूटी छोड़ के जाने वाला हीरो नहीं होता, विजू," हे तो मला दर रविवारी ऐकवतो. सगळ्यांत लांब जाऊन बसलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा त्याचंही काहीतरी दुखत असणार.

मी चौथ्याची वकील. माझा पुरावा एकच होता. जाताना दारात वळून तो म्हणतो, "आता हूँ." तो सोडून गेलाच नव्हता, परत येणार होता. हे मी इतक्या वेळा सांगितलं की गोपाळने चिडून कुठून तरी एका रद्दीवाल्याकडून तो जुना अंक मिळवला आणि त्या पानाचे, मागच्यापुढच्या पानांसकट, फोटो ग्रुपवर टाकले. पानावर चौथ्याची पाठ आहे. पहिला दार लावतो आहे. संवाद नाही. पुढच्या पानावर चौथ्याची रिकामी जागा.

कॉलवर सगळे हसले. गोपाळ म्हणाला, अगं, जाताना 'आता हूँ' कोण म्हणतं, हे तर आपल्या घरातलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "जातो" म्हटलं की आई उंबऱ्यातच अडवायची, "येतो म्हण". ती सवय हिंदी कॉमिक्समधल्या वीराला लागली कशी? कारण ते कॉमिक्स मी वाचलेलंच नव्हतं. पोथ्या असलेल्या घरात असली पुस्तकं आणायची नाहीत, असा बाबांचा नियम होता, आणि भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानापुढे मुलीने रेंगाळायचं नाही, हा आईचा. दादा दुकानात उभ्याउभ्या अंक वाचायचा आणि घरी येऊन मला म्हणून दाखवायचा. संहिता पाठ करणारा मुलगा, त्याला बत्तीस पानं म्हणजे काय. पानामागून पान, शब्दाला शब्द, असं मी समजत होते.

या जानेवारीत काशीला गेले ते तिकीट काढण्याआधीच प्रश्न ठरवून. दादा खालच्या खोलीत मटार सोलत बसला होता. आई-बाबा आता नाहीत. वहिनी मुलाकडे गेली होती. मी फोन काढला, पान दाखवलं. अक्षरं त्याला दिसेनात, चष्मा वरच्या मजल्यावर होता आणि गुडघे वर जायला तयार नव्हते. मग मीच सांगितलं, की यात "आता हूँ" नाही.

तो हसला. "पकडलंस," म्हणाला.

हातातली शेंग सोलली. मग म्हणाला, "हा अंक निघाला त्या वर्षी मला इंदूरहून बुलावा आला होता. पाठशाळेत शिकवायला. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आधी तुला सांगून पाहिलं."

"मला कधी सांगितलंस?"

"गोष्ट सांगितली ना. पहिल्या दिवशी छापलं होतं तसं सांगितलं, दार बंद. तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अगं, एक पान विसरलोच होतो, आणि त्याला 'आता हूँ' म्हणायला लावलं. तर दोनदा पोळी मागून घेतलीस. म्हटलं, चला, आता जाता येईल."

गेला नाही. त्याच थंडीत बाबांना पोथी धूसर दिसायला लागली, आणि यजमानांकडे त्यांचा हात धरून दादा जाऊ लागला, तो जातच राहिला. मी नऊ-दहा वर्षांची होते, मला यातलं काही कळलं नाही. कळलं एवढंच, की दारात वळून "येतो" म्हटलं की जाणं वाईट नसतं. त्याच भरवशावर मी पुढे घर सोडलं. त्याने स्वतःसाठी तयार केलेली वाट होती, आणि चालले मी.

मला रडू आलं. विचारायचं होतं ते तसंच रडत विचारलं, की मग त्या सकाळी तू बोलला का नाहीस.

"बोललो असतो तर गेली नसतीस," दादा म्हणाला. "राग नव्हता गं. जलन झाली थोडी, स्टेशनपर्यंत. परत येताना उतरली."

मग त्याने नाक पुसायला स्वतःचा गमछा दिला आणि म्हणाला की आता ते नीट वाच, पुढे काय होतं ते मी विसरलो.

पुण्यात कुणी विचारलं की घर कुठलं, तर मी इतकी वर्षं "दोन्हीकडे" म्हणत आले, आणि ते उत्तर मला स्वतःलाच कधी पटलं नाही. आता एवढं म्हणेन, की जिथे आपल्या भल्यासाठी कुणीतरी गोष्ट बदलून सांगितली होती, ते माझं घर. त्याला मी काय दिलं, हा प्रश्न उरतोच.

मी वाचायला लागले. त्या पानाच्या कोपऱ्यात दुसरा प्रहरी उभा आहे. पहिल्याचं करणं त्यालाही पटलेलं नाही, हे आधीच्या पानावर येतं. पण तो राहतो, पहारा कुणीतरी द्यायला हवा म्हणून. त्याच्याशी कुणी बोलत नाही, आणि आमच्या इतक्या रविवारांत त्याच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी फोनवर बोट ठेवून, न अडखळता वाचलं, "चौथा दरवाज़े पर रुका और दूसरे से बोला, तुम ठहरे हो, इसीलिए मैं जा पा रहा हूँ."

दादाचे हात थांबले.

"असं छापलंय?"

"हो."

त्याने टोपलीतली पुढची शेंग उचलली. दुकानात उभं राहून शब्दन्‌शब्द पाठ केलेला माणूस, त्याला काय ते कळलंच होतं.

"तेवढं परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं.