चार हॉटेलांची सुशीला

अकरा एप्रिल, शनिवार. कचेरी सुटली की लातूरच्या गोलाई बाजारातल्या हॉटेलातून सुशीलाचं पुडकं घ्यायचं आणि ते गरम आहे तोवर घर गाठायचं, एवढं एकच काम मी त्या दिवशी डोक्यात ठेवलं होतं. फायली सोमवारी बघता आल्या असत्या. माय मात्र सोमवारपर्यंत तशीच राहिली तर डॉक्टर तिला दवाखान्यात ठेवून घेणार होते. तसं त्यांनी सरळ सांगितलं होतं. "आजार काही सापडत नाही. पोटात अन्न नाही, अंगात पाणी नाही. खायला घाला."

माय म्हणजे माझी आई. लातूर वेगळा जिल्हा झाल्यावर तिथल्या कचेऱ्या भरायला आजूबाजूची माणसं पाठवली गेली, त्यात नांदेडहून मी आले. नवरा तिकडे शाळेत, मुलं त्याच्याजवळ. एकटी बाई परगावी कशी राहील म्हणून माय माझ्याबरोबर आली. एका आडत्याच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. पाऊस सलग दोन वर्षं हुकला होता. नळ नावालाच होता. मी पहाटे हंडे घेऊन टँकरवर जायचे, आल्यावर अंघोळ उरकून कचेरी.

उन्हाळा लागला तसं मायनं खाणं सोडलं. ताट पुढे ठेवलं की भूक नाही म्हणायची. चोळी खांद्यावर सैल झाली, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. एकदा उठताना तोल गेला, भिंतीला धरून उभी राहिली. मी वैतागून म्हटलं, "मग काय खाशील ते तरी सांग."

"हाटेलातली सुशीला आण थोडी. बघते."

पुण्याच्या लोकांना हे नाव ऐकून हसू येतं. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, हळदीची फोडणी, शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. आमच्याकडे सकाळी पाहुणा आला की हीच. नांदेडला वजिराबादेतल्या एका हॉटेलात बायकांसाठी पडदा लावलेली खोली होती, तिथं बसून माय आणि मी ती खायचो. घरच्यापेक्षा मायला तिथलीच आवडायची.

पहिलं पुडकं बसस्टँडसमोरच्या हॉटेलातलं आणलं. मायनं कागद उलगडून एक घास घेतला.

"खारट हाय."

मी चाखली. होतीच खारट. बोअरच्या मचूळ पाण्यात मुरमुरे भिजवायचे आणि वर हाताच्या सवयीनं मीठ टाकायचं, दुसरं काय होणार?

"आचाऱ्याची बायको रुसून बसली असंल," माय म्हणाली. "तिचं रडू पडलंय हिच्यात."

दुसरं कचेरीमागच्या नव्या हॉटेलातलं. जिल्ह्याच्या कामाला येणाऱ्या लोकांवर ते चालायचं, त्यामुळे गिऱ्हाईक परत आलं काय न आलं काय, त्यांना फिकीर नव्हती. कागदातून तेल माझ्या पिशवीत उतरलं होतं. मायनं दोन बोटांत एक मुरमुरा धरला. "ही खायची का देवापुढं लावायची?"

म्हणून शनिवारी गोलाई. तिथल्या अण्णांची सुशीला लातुरात नावाजलेली. मी कढईजवळच उभी राहिले. बघते तर अण्णा मुरमुरे भिजवतच नव्हते, नुसता पाण्याचा शिंतोडा मारून खालीवर करत होते.

"अण्णा, जरा नीट भिजवून द्या. घरी आजारी माणूस आहे."

"ताई, भिजवायचं म्हणजे पातेलंभर पाणी. अन् पिळलं की ते गटारात. ह्या दिवसांत कोण पाप घेणार?"

"पैसे जास्त घ्या."

"पैसे पिळल्यावर पाणी निघतंय का?"

घरी मायनं पहिला घास बराच वेळ चावला. "ह्यानं मुरमुरे भिजवले न्हाईत. त्यांला नुसती पाण्याची गोष्ट सांगितली."

मला हसू आलं. तीही हसली. मग तिनं पुडकं गुंडाळून बाजूला सारलं आणि माझं हसू गेलं. एवढा थकलेला जीव, पण नावं ठेवायला जीभ कशी चालते, असा रागही आला.

आमच्या कचेरीतला एक जण सुटीला नांदेडला जायचा. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारी दुपारच्या एसटीनं तो परतला तो वजिराबादेतल्या हॉटेलाचं पुडकं घेऊनच. मायनं ते नाकाशी नेलं.

"हीच," ती म्हणाली.

तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. डाळ्याचं कूट ओठाला लागलं होतं ते पुसलं. मला सुटल्यासारखं झालं. मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर पुडकं पुन्हा गुंडाळलेलं.

"आता काय झालं? ही तर तिकडचीच आहे."

"चांगली हाय. लई चांगली हाय."

"मग खा की."

"सकाळी खाईन."

तेव्हा मी खरी घाबरले. तोवर दोष हॉटेलांचा होता, आणि हॉटेल बदलता येत होतं. आता बदलायला काही उरलं नव्हतं. उद्या सोमवार. मी तशीच अंगणात गेले. मालकीणकाकू सावलीत चिंचा फोडत बसल्या होत्या.

"काकू, आई काहीच खात नाही हो. नांदेडची आणली तीही नको म्हणते."

"कशी खातील?" चिंचोका बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "तुम्ही कचेरीत गेला की म्हातारी तिकडं फिरकतच न्हाई." त्यांनी हनुवटीनं अंगणाच्या टोकाचा संडास दाखवला. "तुमची बादली सकाळी भरल्याली तशीच संध्याकाळी. सुनेनं सांगितलं मला. मला वाटलं तुम्हाला ठावं असंल."

ती बादली मीच रोज भरून ठेवायचे. संध्याकाळी भरलेली दिसायची, आणि माय वापरून पुन्हा भरून ठेवते असं मी धरून चालले होते.

मी आत आले. "माय, तू पाणी वाचवायला उपाशी राहतेस?"

"कुणी सांगितलं? त्या काकूनं? चिंचा फोडता फोडता लोकांची घरं बी फोडती काय?"

"खरं सांग."

"खाल्लं की जावं लागतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गेलं की बादली लागती. ती तू कुठून आणतीस ते मी बघत न्हाई व्हय? पहाटं उठून बायकांच्या शिव्या खातीस, कमरेला हात लावून कचेरीत जातीस. अन् मी बसल्या जागी ते वतून टाकू?"

"मग सुशीला कशाला मागितलीस?"

"तू रोज ताट वाढायलीस. ताट धुवावं लागतंय. कागदाला काय धुवायचं? अन् नाव ठेवलं की तू माझ्यामागं लागायची सोडून हाटेलाच्या मागं लागायचीस."

"चार हॉटेलं झाली माझी!"

"झाली तर झाली. तुला गावाची म्हाईती झाली."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या तुला नांदेडला पोचवते, तिथं गोदावरीचं पाणी आहे. तर म्हणाली, तू हितं एकटी राहणार असशील तर मी जात न्हाई. बदली माझ्या हातात नव्हती. समजावण्यात अर्थ नव्हता. मायला शब्दांनी काही पटलेलं मी कधी बघितलेलं नाही. घरात मुरमुरे आहेत का, तेवढं बघून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडची सुशीला आंबली होती, ती काकूंच्या म्हशीला घातली. मग मायला ओट्याशेजारी बसवून तिच्यासमोर पातेलंभर पाण्यात मुरमुरे नीट भिजवले. ते पिळायला घेतले तशी ती कळवळली, "अगं, अगं, पाणी!" मी संडासची बादली पुढे ओढली आणि सगळं त्यात पिळलं. कांदा धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, तेही त्यातच ओतलं. बादली बरीच वर आली.

"हे टँकरचं नाही," मी म्हटलं. "हे स्वयंपाकातलं आहे. तू खाल्लं नाहीस तर हे साचतच नाही."

तिनं बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बशी हातात घेतली. सावकाश खात होती.

"लगदा झालाय," ती म्हणाली.

"असू दे."

बशी रिकामी झाल्यावर तांब्याभर पाणी मी समोर उभं राहून पाजलं. मग बादली उचलून संडासात नेऊन ठेवली, मायला आत पाठवलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले. काकू खिडकीतून बघत होत्या. त्यांना हातानं आत जायला सांगितलं.

"जा की कचेरीला," दारामागून माय ओरडली. "उशीर झाला तुला."

"होऊ दे."

"माणसाला लाज वाटती गं, अशी उभी राहिलीस तर."

"वाटू दे."

आतून पाणी ओतल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथून हलले नाही.