वेस्टचं ईस्ट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला बसलेलो — ती चहा घेऊन आली, आणि मी गॅसच्या नंबराचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा ठाकुर्ली वेस्टला माझा कॉम्प्युटर क्लास होता. इंटरनेट नवं, आणि मी — दीडशहाणा! दोन पानं बनवायला शिकलो काय, स्वतःला मोठा तज्ज्ञ समजायला लागलो. रुळांपलीकडे ईस्टला, चाळीतल्या दोन खोल्यांत, एक छोटं चर्च नुकतंच हललेलं. त्यांचे पाळकसाहेब म्हणाले, आम्ही कुणाला सापडतच नाही रे, तुझ्या त्या इंटरनेटवर आमचा पत्ता टाक. मी टाकला. फुकट टाकला, आणि ते चारचौघांत ऐकवलंही. मोहने गावच्या चर्चची माणसंसुद्धा मग, आमचंही पान कर, म्हणून विचारायला आली.

त्या चर्चमधल्या मार्थाबाई वारल्या. त्यांचा मुलगा सुनील बडोद्याला — लग्नावरून भांडून घर सोडून गेलेला, कित्येक वर्षं आईला न भेटलेला. शेजाऱ्यांनी फोन केला, चर्च आता ठाकुर्लीला नव्या जागेत आहे एवढंच सांगितलं आणि लाइन कटली. त्यानं सायबर कॅफेत जाऊन पत्ता काढला, तसाच निघाला. कब्रस्तानात पोचला तेव्हा माती टाकून झालेली.

त्याचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, आईचं तोंड बघायचंच नव्हतं याला. सुनील सांगत राहिला — इंटरनेटवर वेस्ट होतं, मी वेस्टला चर्च शोधत फिरत होतो. कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब माझ्याकडे आले. म्हणाले, संध्याकाळी मामा-भाच्याला घेऊन येतो, ते पान दाखव, म्हणजे मिटेल एकदाचं. ते गेल्यावर मी पान उघडलं. वेस्ट. माझ्या हाताला वेस्टचीच सवय — सगळा जन्म त्या बाजूला गेलेला. चूक होते हो माणसाची. तिथवर मी नुसता निष्काळजी होतो. पण मग मी काय केलं? वेस्ट काढलं, ईस्ट टाकलं, पान परत चढवलं. कागदावर खाडाखोड तरी दिसते. यात काहीच दिसत नाही.

संध्याकाळी तिघं आले. मोडेम किरकिरला, पान उघडलं, मी पत्त्यावर बोट ठेवलं. मामा हसला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. सुनील स्क्रीनच्या अगदी जवळ वाकून बघत राहिला. मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर — नाही, तरीही मी कबूल केलं नसतं. नाचक्कीची भीती होती मला, दुसरं काही नाही.

"मग माझंच चुकलं असेल," तो म्हणाला. "डोक्यात नुसती आई होती."

त्यानं मामासमोर हात जोडले. मामानं तोंड फिरवलं.

पुढे त्या पानावरून बरीच माणसं चर्च शोधत आली. दर वेळी पाळकसाहेबांचा निरोप यायचा, देव तुझं भलं करो. मी तो आशीर्वाद घ्यायचो. सुनील पुन्हा ठाकुर्लीला आला नाही.

वेस्ट मी लिहिलेलं. ईस्टही मीच लिहिलं, तो यायच्या आधी. सुनीलनं बरोबर वाचलेलं.