नेलसाठी घेतलेला चेंडू

बेटावर जनावरांचा डॉक्टर मंगळवारीच येतो, दुपारच्या बोटीने. या मंगळवारी तो नेल कुत्रीला कायमचं झोपवणारं इंजेक्शन द्यायला येणार होता. त्या सकाळी लॅकलन मॅकफीने दुकानातून एक लाल चेंडू घेतला आणि किनाऱ्यावर न्यायला नेलला गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. चौदा वर्षांत ती पहिल्यांदाच पुढे बसली. पोटातल्या गाठीमुळे तिला उचलूनच ठेवावं लागलं.

लॅकलनचा जन्म मेंढ्यांमागे गेला. सत्तर मेंढ्या, दगडी बांधांची जमीन आणि एकामागून एक सात कुत्री. सगळी गोठ्यात झोपली. कामाच्या कुत्र्याला घरात घ्यायचं नाही, कुरवाळायचं नाही, खेळू द्यायचं नाही. बापाने घालून दिलेला हा नियम त्याने कधी मोडला नाही. नेल वर्षाची असताना याच किनाऱ्यावर पाहुण्यांच्या एका मुलीने तिच्यापुढे चेंडू टाकला. नेल झेपावली. लॅकलनने तो चेंडू उचलून समुद्रात भिरकावला.

"कामाचं कुत्रं आहे. बिघडवू नका."

मुलगी रडली. नेल पुन्हा कधी चेंडूकडे वळली नाही.

कुत्र्यांना मोकळं सोडायला मुभा असलेला बेटावरचा हा एकच किनारा. वाळू सुरू होते तिथे एफीची चहाची गाडी असते. एफी शाळेत त्याच्याच वर्गातली.

"लॅकी, तू आणि इथे? रस्ता चुकलास की काय?"

"फिरायला आलोय."

"फिरायला? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला मेंढ्या कातरायला बसवणारा तू." मग तिला नेल दिसली, त्याच्या हातातला चेंडू दिसला. "आज मंगळवार, नाही का," ती हळूच म्हणाली आणि सॉसेजचा एक तुकडा कागदात बांधून दिला.

नेलने तो हुंगला आणि लॅकलनकडे पाहिलं.

"खा गं," तो म्हणाला. हा सूर तिच्या ओळखीचा नव्हता. तिने खाल्लं नाही.

त्याने चेंडू टाकला. तो घरंगळत पाण्यापर्यंत गेला. नेलची नजर भलतीकडेच होती. चार कुत्री आणि दोन मुलं वाळूवर वाटेल तशी उधळली होती. तिने मान खाली घातली आणि लांबून वळसा घेत निघाली. मागचा पाय ओढत होता, धाप लागत होती. तरी एकेकाला वळवत तिने सगळा घोळका लॅकलनच्या पुढ्यात आणून उभा केला. मग त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आजोबा, तिने आम्हालापण आणलं," मुलगा हसत म्हणाला.

एफी गाडीतून उतरून जवळ आली होती. "शाबासकी तरी दे की तिला."

"कशी देतात?" लॅकलन म्हणाला. "कधी दिली नाही गं."

काम संपलं की तो एवढंच म्हणायचा, "पुरे, झालं." आताही तेच म्हणाला. नेल येऊन त्याच्या टाचांमागे उभी राहिली.

धक्क्याकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. लॅकलन गुडघ्यांवर बसला. तिच्या डोक्यावर ठेवायला त्याने हात उचलला. हात वर गेला की आडवं व्हायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. हात पोचायच्या आत नेल वाळूवर आडवी झाली. कान टवकारून, पुढच्या हुकमाची वाट पाहत.