साठ मिनिटांत न मावलेला अल्बम

नव्वदच्या दशकात नेरूळच्या आमच्या सोसायटीत दोन कॅसेटी लागणारा टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे होता. त्यामुळे रॉक ऐकणाऱ्या आम्हा सहा-सात जणांत माझा भारी रुबाब. मूळ कॅसेट मी आणायची, सगळ्यांना कॉपी करून द्यायची, आठवडाभर त्यांनी घरी ऐकायची आणि रविवारी सकाळी माझ्याकडे जमून निकाल लावायचा, असा रिवाजच पडला होता. निकाल बहुतेक माझाच असायचा.

आमच्या लाडक्या बँडने उतारवयात एक विचित्र अल्बम काढला. गिटार जवळपास नाहीच, नुसती यंत्रांची घरघर, आणि सगळी गाणी एकमेकांत मिसळलेली. म्हातारचळ लागलाय यांना, असं मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. अल्बम तासाभराहून मोठा होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, प्लेअरमध्ये अडकते, म्हणून कॉपीला मी कायम साठचीच वापरायचो. मावेना, तेव्हा मधले दोन लांबलचक तुकडे सरळ गाळले. कुणाला सांगायची गरजही वाटली नाही.

रविवारी सगळ्यांनी अल्बमवर तोंडसुख घेतलं. फक्त एकाने बाजू घेतली. तो उरणजवळच्या मोरा बंदरातला कोळी, आमच्या सोसायटीतला नव्हता, पण कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्याच गाळ्यात कामाला होता, म्हणून आमच्यात यायचा.

"मला आवडलाय," तो म्हणाला. "पन मधी कायतरी कमी हाय. एक गानं मधीच तुटतं नि दुसरं चालू."

माझं मलाच माहीत होतं काय कमी आहे ते. मी म्हणालो, "तुला काय, बोटीचं इंजिनही गाणंच वाटत असेल." सगळे हसले. तोही हसला, पण नंतर रविवारी येईनासा झाला. गाळ्यात मात्र नीट बोलायचा.

काही महिन्यांनी तापाने घरी पडलो होतो, तेव्हा मूळ कॅसेट पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत ऐकली. गाळलेल्या दोन तुकड्यांवरच सगळा अल्बम उभा होता. मला स्वतःची लाज वाटली. बरा झाल्यावर सुट्टीच्या दिवशी कॅसेट घेऊन त्याच्या घरी मोऱ्याला गेलो आणि काय केलं होतं ते सांगून टाकलं.

त्याने फळीवरून त्याच अल्बमची स्वतःची मूळ कॅसेट काढून दाखवली. "मी कवाच घेतली. त्याच महिन्यात."

"मग रविवारी येऊन सगळ्यांना सांगितलं का नाहीस?"

"सगली तुझ्याकडं कॉपीला येतात. तुझी इज्जत काढून मला काय मिलनार?" मग कॅसेट परत फळीवर ठेवत म्हणाला, "पन ते इंजिनाचं बोललास ना, ते लागलं मला."

मी तिथेच माफी मागितली. पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा तुकडे गाळल्याचं सगळ्यांना सांगून त्याची पुन्हा माफी मागितली, आणि त्याची कॅसेट पहिल्यापासून लावली.