मंगळावरची सवत

उपम्याची वाफ केव्हाच गेली होती. आमचे हे चष्मा कपाळावर चढवून, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसले होते. पडद्यावर मंगळावरचा एक लालसर, ओबडधोबड दगड होता.

"अगं, इकडे ये! ही पांढरी रेघ बघ. इथे कधीकाळी पाणी होतं. म्हणजे जीवही असेल!"

काल मी कमरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापून आले, ते यांना अजून दिसलेलं नाही. कोट्यवधी मैलांवरच्या दगडावरची केसाएवढी रेघ मात्र बरोबर दिसली.

मला त्या दगडाचा हेवा वाटला. मंगळावर एवढी अवकाशयानं ज्ञानासाठी पाठवतात, उद्या माणसाला राहायला जागा हवी म्हणून पाठवतात, असं हे सांगतात. मला नाही पटत. जे अजून हाती लागलेलं नाही, त्याच्याकडेच माणूस असा डोळे भरून बघतो. लग्नाला होकार द्यायला मी वेळ लावला, तेव्हा हे माझ्याकडे असेच बघायचे.

उपमा पुन्हा गरम करताना मी मनात म्हटलं, सापडू दे बाई तिथे जीव, लवकर सापडू दे. सापडल्यावर कसं वाटतं, ते त्या मंगळालाही एकदा कळू दे.