कर्नलच्या अंगातलं बंड

भिंगारचे मोझेस साळवे छावणीच्या मेसमध्ये एकतीस वर्षं खानसामा होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक गावठी कुत्रं पाळलं आणि त्याचं नाव ठेवलं कर्नल. "जन्मभर कर्नलचे हुकूम ऐकले, आता मी सोडतो," म्हणायचे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे घरात हुकूम ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

गेल्या फेब्रुवारीत कर्नलनं मटणाच्या हाडाकडे पाठ फिरवली. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या, लघवी कोऱ्या चहासारखी. मोझेसनी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टर निकिताकडे नेलं. तिनं रक्ताचा थेंब काचेवर घेतला, तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या झालेल्या. गोचीडतापाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही.

"काका, याच्या अंगातलं सैन्य फिरलंय," ती म्हणाली. "शत्रू सोडून स्वतःच्याच तांबड्या पेशी मारतंय."

"आपल्याच माणसांवर गोळीबार? कुणाच्या हुकमानं?"

"तेच कळत नाही. म्हणून सैन्यालाच गप्प बसवायचं. या स्टेरॉइडच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. पण पहारा ढिला पडला की कुठलाही जंतू आत शिरतो, तेव्हा दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. भूक, तहान, लघवी सगळं वाढेल. तरी गोळी मनानं बंद करायची नाही."

आठवड्यात हिरड्या गुलाबी झाल्या. बाकीचंही डॉक्टर म्हणाली तसंच झालं, जरा जास्तच. कर्नलनं साबण खाल्ला, बायबलातलं लेवीय नावाचं पुस्तक खाल्लं, त्यातल्या खाण्यापिण्याच्या नियमांसकट. चर्चचे पाळक प्रार्थनेला आले. डोळे उघडून 'आमेन' म्हणेपर्यंत त्यांचा डावा बूट भिजला होता.

त्या संध्याकाळी शेजारच्या छबूबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. "भाऊ, त्या गोळ्या बंद करा. ह्यानं परतिकारशक्ती लई वाढती."

मोझेसना पटलं. गोळी बंद, काढा चालू.

पाचव्या दिवशी कर्नल उठेना. पुन्हा रिक्षा, पुन्हा दवाखाना; मोझेसनी काढ्याचं सांगून टाकलं.

"बंड मोडत आलं होतं, आणि तुम्ही बंडखोरांना बंदुका वाटल्या!" निकिता ओरडली. "मीच मारलं त्याला," मोझेस एवढंच बोलले आणि लहान पोरासारखे रडले. तिनं मग आवाज खाली आणला. ओळखीच्या एका लॅब्राडॉरचं रक्त मिळवून चढवलं, स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं आणि जोडीला दुसरी गोळी दिली. ती म्हणे सैन्यातली नवी भरतीच रोखते.

दोन दिवस कर्नल मेल्यासारखा पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं निकिताचा डबा पळवला. तिला एवढा आनंद झाला, की झाकणही त्यालाच चाटू दिलं.

मोझेस मग गोळी काळजाच्या तुकड्यात दडवून घड्याळ बघून भरवू लागले. काळीज छबूबाई आणायच्या. "आता नुसतं काळीज आनते," म्हणायच्या, "अक्कल न्हाई."

दर वेळी रक्त तपासायचं, आकडा बरा असला की गोळी थोडी कमी करायची. असं करत आठ महिने गेले. आता एकाआड एक दिवस अर्धी गोळी चालू आहे. परवा मोझेसनी स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. कर्नलचं हिमोग्लोबिन साडेतेरा, त्यांचं अकरा.

"बघा," ते दोन्ही कागद नाचवत गल्लीभर सांगत फिरले, "कुत्रं माझ्यापेक्षा धडधाकट हाय!"